पात्याचा पत्ता आणि पात्याचे माप

आज आपल्यासमोर ग्रंथ नाही, एक चित्र आहे. तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर टर्बाइनच्या पात्यांवर काय बोलणार, असे काहींना वाटले असेल. पण समीक्षा कशाचीही करता येते. अट एवढीच, की ज्या गोष्टीकडे आपण रोज पाहतो आणि जी आपल्याला समजली असे धरून चालतो, ती समोर ठेवून विचारावे: बाई, तू नक्की काय सांगते आहेस?

चित्र आमच्याकडे आले ते असे. आमच्या ओळखीतली एक मुलगी अभियंता आहे, संगणकावर हवेचे आणि पाण्याचे प्रवाह काढते. दिवाळीत घरी आली तेव्हा तिच्या लॅपटॉपवर एक रंगीत चौकोन होता. आडवी बाजू शून्य ते एक, उभी बाजूही शून्य ते एक. मध्ये लाल, पिवळे, निळे पट्टे. आम्ही विचारले, हे काय? ती म्हणाली, "काका, हे पाते." आम्ही म्हटले, पाते तर लांबट असते, वाकडे असते, पिळलेले असते. ती म्हणाली, "हो, पण इथे ते उलगडून ठेवलेय." या 'उलगडून' शब्दावर आम्ही अडकलो, ते अजून सुटलेलो नाही.

आधी हे उलगडणे म्हणजे काय ते पाहू. पाते ही त्रिमितीय वस्तू. पण त्याचा पृष्ठभाग म्हणजे नुसती कातडी, आणि कातडीवरचा ठिपका सांगायला दोन आकडे पुरतात. एक आकडा सांगतो, पात्याच्या मुळापासून टोकाकडे आपण किती आलो. दुसरा सांगतो, पुढच्या कडेपासून मागच्या कडेकडे किती आलो. पहिल्याला यू म्हणा, दुसऱ्याला व्ही म्हणा. यांना प्राचलिक निर्देशक म्हणतात, पॅरामेट्रिक कोऑर्डिनेट. दोन्ही शून्य ते एक यांच्यामध्ये. सॉफ्टवेअरला प्रत्येक यू-व्ही जोडीसाठी अवकाशातला एक बिंदू माहीत असतो. झाले, पाते चौकोनात बसले.

ही सोय मोठी आहे, हे आधीच कबूल करू. प्रवाहाची जाळी वेगळी असते, धातूवरचा ताण काढणारी जाळी वेगळी असते. एका जाळीवरचा दाब दुसरीवर न्यायचा तर दोघींना समजेल असा पत्ता लागतो. तो पत्ता म्हणजे यू आणि व्ही. लहान पाते आणि मोठे पाते शेजारी ठेवून तुलना करायची, तरी हाच पत्ता कामाला येतो. तेव्हा आमची तक्रार पत्त्याबद्दल नाही. पत्ता वाचून माप कळले असे जे आपण समजतो, त्याबद्दल आहे.

सातबारा सगळ्यांनी पाहिलेला आहे. त्यावर गट क्रमांक एका रकान्यात असतो आणि क्षेत्र दुसऱ्या रकान्यात. गट क्रमांक चाळीस आणि एक्केचाळीस हे शेजारी असतील, पण एक पाच गुंठे आणि दुसरा पाच एकर असू शकतो. नुसते गट क्रमांक मोजून गावची जमीन किती हे कोणी सांगत नाही. सांगितले तर तलाठी हसेल. पात्याच्या चौकोनात मात्र आपण नेमके तेच करतो. अर्धा चौकोन लाल दिसला की म्हणतो, अर्ध्या पात्यावर दाब जास्त. अहो, अर्ध्या चौकोनावर! पात्यावर किती, हे सांगायला क्षेत्राचा रकाना लागतो. गणितात या रकान्याला जेकोबियन म्हणतात. यू आणि व्ही थोडेथोडे सरकवले तर प्रत्यक्ष पृष्ठभागाचा किती तुकडा पार होतो, ते तो सांगतो. तो ठिकठिकाणी वेगळा असतो, आणि रंगीत चौकोनात तो दिसत नाही.

यावर ती मुलगी आम्हाला म्हणाली, "काका, सॉफ्टवेअर बळ काढताना खऱ्या जाळीवरच बेरीज करते. त्याला हे सगळे ठाऊक असते." बरोबर आहे. प्रवाह सोडवणारा कार्यक्रम आपले गणित त्रिमितीय जाळीवर करतो, त्याची गफलत होत नाही. गफलत पुढे होते. तो आलेख जेव्हा अहवालात जातो, अहवालातून बैठकीत जातो, आणि बैठकीतला एक जण बोट ठेवून म्हणतो, "हा भाग केवढा मोठा आहे बघा", तेव्हा क्षेत्राचा रकाना मागे राहिलेला असतो. यंत्राला माहीत असलेली गोष्ट माणसाच्या डोळ्यापर्यंत आलेली नसते. आजची समीक्षा यंत्राची नसून वाचनाची आहे, हे लक्षात ठेवा.

आता एक साधा प्रश्न. पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतचा प्रवास कशाने मोजायचा? दोन पद्धती आहेत. पात्याच्या छेदात पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत सरळ रेषा ओढा, ती जीवा. जीवेवर किती टक्के आलो ते मोजा. किंवा मुंगीसारखे पृष्ठभागावरून चाला आणि चाललेले अंतर मोजा. मागच्या भागात दोन्ही मापे जवळजवळ सारखीच चालतात. पण पुढच्या कडेला पाते गोल वळते, तिथे पृष्ठभाग जीवेला जवळजवळ काटकोनात असतो. मुंगी बरेच चालते आणि जीवेवर जवळपास काहीच पुढे सरकत नाही. आणि हवेचा वेग चढतो, दाब कोसळतो, तो नेमका इथेच. म्हणून जीवेच्या आलेखात दाबाचा हा कोसळा सुईसारखा बारीक दिसतो आणि मुंगीच्या आलेखात तोच ऐसपैस पसरतो.

यातले खरे कोणते? दोन्ही खरी. पण दोन्ही एकाच प्रश्नाचे उत्तर नाहीत. जीवेच्या आलेखात दोन बाजूंच्या दाबरेषांमधले जे क्षेत्रफळ, ते जीवेला लंब असलेल्या बळाचे माप असते. मुंगीच्या आलेखात त्या क्षेत्रफळाला हा अर्थ नाही. उलट पृष्ठभागाला चिकटलेला हवेचा थर किती अंतर वाहत आला, कुठे सुटला, हे पाहायचे तर मुंगीचा आलेख हवा. तेव्हा आडव्या अक्षावर नुसते शून्य आणि एक लिहून थांबणे म्हणजे लग्नपत्रिकेवर 'कार्यालयात' एवढेच छापणे. कुठल्या कार्यालयात?

दुसरा प्रश्न आणखी साधा, आणि आमच्या मते अधिक गंभीर. शून्य कुठे आहे?

इथे एक खरे उदाहरण घेऊ. २००० साली अमेरिकेत नासाच्या एम्स केंद्रातल्या वातबोगद्यात एक पवनचक्की उभी केली होती. बोगद्याचा छेद २४.४ मीटर गुणिले ३६.६ मीटर. चक्की अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेची, दोन पात्यांची, अक्षापासून टोकापर्यंत ५.०२९ मीटर. पात्यावर दाब मोजण्यासाठी छिद्रांच्या पाच ओळी होत्या: ३०, ४७, ६३, ८० आणि ९५ टक्क्यांवर. मोजमापे जाहीर करण्याआधी तज्ज्ञांना सांगितले गेले, की तुमच्या तुमच्या पद्धतीने भाकीत करा. समोरून येणाऱ्या, पाते न कोंडणाऱ्या सौम्य वाऱ्यातसुद्धा शक्तीची भाकिते मोजलेल्या शक्तीच्या २५ टक्क्यांपासून १७५ टक्क्यांपर्यंत पसरली होती. या क्षेत्रात हा प्रयोग आजही कसोटीचा दगड मानला जातो.

ही तफावत निर्देशकांमुळे पडली असे आम्ही म्हणत नाही. पाती फिरत असताना हवेचे जे होते ते त्या काळच्या पद्धतींना नीट पकडता येत नव्हते, हे मुख्य. पण आज कोणी आपले नवे गणित त्या मोजमापांशी ताडून पाहू लागला, की त्याला पहिल्याच पायरीवर विचारावे लागते: हे ३० टक्के कशाचे?

प्रयोगातले ३० टक्के हे फिरण्याच्या अक्षापासूनच्या त्रिज्येचे आहेत. म्हणजे १.५०९ मीटर. पण पाते अक्षापासून सुरू होत नाही, ते ०.५०८ मीटरवर सुरू होते. सॉफ्टवेअरमध्ये पात्याचे मूळ म्हणजे शून्य आणि टोक म्हणजे एक असे धरले, आणि तिथे कोणी भाबडेपणाने ०.३० टाकले, तर आपण कुठे पोहोचू? ०.५०८ मध्ये पात्याच्या ४.५२१ मीटर लांबीचे ३० टक्के मिळवा. १.८६४ मीटर. चूक सुमारे ३६ सेंटिमीटरची. तिथे पात्याची रुंदी साधारण ७० सेंटिमीटर आहे, म्हणजे चूक रुंदीच्या निम्मी झाली. हेच ६३ टक्क्यांवर केले तर चूक १९ सेंटिमीटरची, आणि ९५ टक्क्यांवर अवघी अडीच.

आता गंमत पाहा, गंमत म्हणावी की दुर्दैव. टोकाकडे तुलना झकास जुळेल, मुळाकडे जुळणार नाही. आणि मुळाकडेच हवेचे वागणे सर्वांत अवघड असते. फिरण्यामुळे तिथली हवा स्थिर पात्यावरच्या हवेपेक्षा उशिरा सुटते, हे जुने निरीक्षण आहे. त्यामुळे आकडे जुळले नाहीत की संशोधक म्हणेल, "अहो, मुळाशी प्रवाह गुंतागुंतीचा आहे, आमचे प्रतिमान तिथे कमी पडते." भौतिकशास्त्रावर खापर फुटेल. पाप मात्र शून्य कुठे धरले याचे असेल. उलटेही होऊ शकते: सदोष प्रतिमान चुकीच्या जागी नेऊन नेमके जुळेल, आणि सगळे टाळ्या वाजवतील. ज्या चुकीला आधीपासूनच एक प्रतिष्ठित सबब तयार असते, ती चूक पकडणे सर्वांत कठीण.

आता थोडे इतिहासात जाऊ. पृष्ठभाग सपाट करण्याचा उद्योग टर्बाइनवाल्यांनी सुरू केलेला नाही, तो नकाशावाल्यांचा. १५६९ मध्ये मर्केटरने जगाचा नकाशा केला, खलाशांसाठी. त्याला कोन राखायचे होते, म्हणजे होकायंत्राने दाखवलेली दिशा नकाशावर सरळ रेषा व्हावी. कोन राखायचे तर लांबी सोडावी लागली. ६० अक्षांशावर त्याच्या नकाशात प्रत्येक अंतर दुप्पट दिसते आणि क्षेत्रफळ चौपट. पुढे १८२७ साली गाउसने दाखवले, की हा मर्केटरचा आळस नव्हता. गोलासारखा दोन्ही अंगांनी वाकलेला पृष्ठभाग अंतरे जशीच्या तशी ठेवून सपाट करताच येत नाही. आपल्या शिंप्याला हे गाउसच्या आधीपासून ठाऊक आहे. सपाट कापड खांद्यावर बसवायचे तर कुठेतरी चुण घालावीच लागते.

टर्बाइनमध्ये हाच मर्केटर दुसऱ्या नावाने राहतो. फ्रान्सिस टर्बाइनचे उदाहरण घ्या. त्यात पाणी बाहेरून अक्षाकडे शिरते आणि वळून अक्षाच्या दिशेने बाहेर पडते. वाटेत त्रिज्या बदलत जाते. दोन पात्यांमधला प्रवाह कागदावर पाहायचा, म्हणून अभियंते एक खास निर्देशक वापरतात: प्रवाहाच्या दिशेने पुढे सरकलेले प्रत्येक बारीक अंतर तिथल्या त्रिज्येने भागायचे आणि सगळे भागाकार मिळवत जायचे. उभ्या अक्षावर फिरण्याचा कोन. असे का? कारण याने कोन राखले जातात. पात्याचा कोन कागदावर मोजला तरी तोच येतो. आणि आता हीच कृती पृथ्वीच्या गोलावर करून पाहा. उत्तरेकडे सरकलेले बारीक अंतर, भागिले त्या अक्षांशाच्या वर्तुळाची त्रिज्या. उत्तर मर्केटरचा नकाशा. सूत्र तेच, फरक नुसता वस्तूचा.

म्हणजे दोषही तेच. जिथे त्रिज्या निम्मी झाली तिथे चित्र दुप्पट मोठे दिसणार, क्षेत्रफळ चौपट. पाणी बाहेर पडताना पात्यामागचा मंद प्रवाहाचा पट्टा जाड दिसतो, त्यातला काही जाडपणा पाण्याचा असतो आणि काही नकाशाचा. ग्रीनलंड पाहून आपण आता फसत नाही, शाळेत शिकवले आहे. टर्बाइनच्या या ग्रीनलंडाबद्दल कोणी सावध करत नाही. मात्र एक अपवाद आहे. प्रवाह एकाच त्रिज्येवरून, म्हणजे नळकांड्यावरून जात असेल, तर नळकांडे कागदाच्या सुरळीसारखे उलगडते, काहीही न ताणता. तिथे हा आक्षेप लागू नाही.

या संदर्भात वू चुंग-ह्वा यांचे नाव घेतले पाहिजे. १९५२ साली या चिनी शास्त्रज्ञाने अमेरिकेत असताना टर्बोयंत्रांमधल्या त्रिमितीय प्रवाहाचा सामान्य सिद्धान्त मांडला. संगणक तेव्हा बाल्यावस्थेत होते, पूर्ण प्रवाह सोडवणे अशक्य होते. त्यांनी पृष्ठभागांची दोन कुळे कल्पिली, एक पात्यापासून पात्यापर्यंत जाणारे, दुसरे मुळापासून टोकापर्यंत जाणारे, आणि दोन्हींवरची द्विमितीय उत्तरे एकमेकांशी जुळेपर्यंत आलटून पालटून सोडवायची असे सुचवले. आम्हाला यातले आवडते ते हे, की त्यांच्या मांडणीत प्रत्येक पृष्ठभागाचे काम स्पष्ट नेमून दिलेले होते. एकटे चित्र पुरेसे नाही, हे पद्धतीतच गुंफलेले होते. आज संगणक पूर्ण प्रवाह सोडवतो, ती गरज उरली नाही, आणि चित्रे मात्र एकेकटी फिरू लागली.

शेवटचा मुद्दा आमच्या शास्त्राच्या जवळचा. १७६८ मध्ये कांटने अवकाशातल्या दिशांवर एक छोटा निबंध लिहिला. त्याचा प्रश्न: डावा हात आणि उजवा हात. बोटांची लांबी तीच, बोटांमधली अंतरे तीच, एकाचे वर्णन दुसऱ्याला तंतोतंत लागू. तरी डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात बसत नाही. म्हणजे अंतरांच्या यादीत न मावणारे असे काहीतरी अवकाशात आहे.

हा प्रश्न पात्यावर रोज उभा राहतो. दाबाचे बळ कुठल्या दिशेने लागते, हे ठरवायला पृष्ठभागाची बाहेरची बाजू कोणती हे ठाऊक हवे. सॉफ्टवेअर ते यू आणि व्हीच्या क्रमावरून ठरवते. उजव्या हाताची बोटे यूकडून व्हीकडे वळवा, अंगठा दाखवेल ती बाहेरची बाजू. आता उलट दिशेने फिरणारी चक्की हवी म्हणून पात्याचे आरशातले प्रतिबिंब घेतले. प्रत्येक यू, प्रत्येक व्ही, प्रत्येक अंतर जसेच्या तसे. पण अंगठा आता आत दाखवतो आहे. ते कोणी दुरुस्त केले नाही, तर आकडे सगळे बरोबर आणि बळ उलटे. कांटचा हातमोजा बसला नाही!

आणि शिवण? पात्याला वेढा घालून आपण मागच्या कडेपाशी परत येतो, तिथे शून्य आणि एक एकाच बिंदूवर भेटतात. चौकोनात ते दोन टोकांना असतात, सर्वांत दूर. जगाच्या नकाशावर अलास्का आणि सायबेरिया दोन टोकांना दिसतात तसे. मागच्या कडेला काय घडते हे पाहायचे असेल, तर चौकोन त्याची दोन शकले करून दाखवतो. शिवाय पाते जिथे बुडख्याला मिळते, तिथे गोलाई दिलेली असते. ती गोलाई पात्याची की बुडख्याची? चौकोनात तिला बरेचदा जागाच नसते. आणि ताण साठतो तो तिथे, तडा जायचाच तर बहुधा तिथूनच जातो. नकाशा जिथे संपतो तिथे धोका सुरू होतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

मग आमचे म्हणणे काय? चौकोन फेकून द्या, असे नाही. नकाशा नको म्हणणारा माणूस समुद्रावर जाऊ शकत नाही. आमचे मागणे चार ओळींचे आहे. शून्य कुठे धरले. माप जीवेवरचे, की पृष्ठभागावरचे, की नुसते प्राचलाचे. यू-व्हीचा क्रम कोणता, म्हणजे बाहेर कुठे. आणि शिवण कुठून जाते. चित्राखाली या चार ओळी नसतील तर ते चित्र अपुरे समजावे, कितीही रंगीत असो. भूमापनाच्या नकाशावर प्रमाण आणि उत्तर दिशा नसेल तर तो आपण स्वीकारत नाही. इथेच एवढे उदार का व्हायचे?

ती मुलगी परत गेल्यावर तिचा फोन आला होता. म्हणाली, "काका, आमच्याकडचे एक जुने चित्र काढून पाहिले. त्यातले शून्य कोणते ते कार्यालयात कोणालाच सांगता येईना. ज्याने केले तो सोडून गेलाय." आम्ही विचारले, मग काय केलेस? "परत मोजायला बसलेय," म्हणाली. आम्हाला बरे वाटले.

साताऱ्याकडे वनकुसवड्याच्या पठारावर गेलात तर पवनचक्क्या दिसतील. गाडी थांबवून थोडा वेळ पाहा. ते पाते शून्य ते एक नसते. त्याला मूळ असते, टोक असते, पिळ असतो, आणि ते एकाच बाजूला फिरते. चौकोनाकडे परत वळताना एवढे डोळ्यांत ठेवले तरी पुष्कळ झाले.

प्रश्न असतील तर पाठवावेत, पुढच्या वेळी आपण त्यांच्यापासूनच सुरुवात करू.